छायाचित्रकारांची सभा : मुंबई १८५४ ते वाशिम

मागच्या हिवाळ्यात वाशिमच्या हौशी छायाचित्रकारांच्या एका मंडळाने मला बोलावले होते. मी रसायनशास्त्राचा माणूस. कॅमेऱ्यामागे उभा राहून नाव काढावे असे काही माझ्या हातून झालेले नाही. परंतु चांदीच्या क्षारांवर काही वर्षे काम केले असल्याने 'चांदी आणि उजेड' असा विषय मी सुचवला आणि त्यांनी तो मान्य केला. एका शाळेच्या वर्गात पंचवीस-तीस माणसे जमली होती. त्यांत दोन स्टुडिओवाले, काही शिक्षक, एक पशुवैद्य, एक निवृत्त तलाठी आणि मागच्या बाकांवर अकरावी-बारावीची मुले होती. आधी सभासदांनी त्या महिन्यात काढलेली चित्रे पडद्यावर दाखवली. एकाने सोहोळच्या काळविटांचे चित्र दाखवले, तेव्हा दुसऱ्याने तिथल्या तिथे सांगितले, "क्षितिज तिरकं झालंय, बघ." नंतर माझे व्याख्यान झाले. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, मोबाइलमध्ये सगळंच शिकायला भेटते, मग दर महिन्याला इथं जमाचं कशाला?"

सगळे हसले. मीही काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु प्रश्न बरोबर होता. परतीच्या प्रवासात मी त्याच्यावर विचार करत राहिलो. त्या मुलाला जे सांगायला हवे होते, ते इथे लिहीत आहे.

छायाचित्रणाची पद्धत जगाला कळली १८३९ साली. त्या वर्षी ७ जानेवारीला पॅरिसच्या विज्ञान अकादमीत आरागो या शास्त्रज्ञाने दागेरच्या शोधाची घोषणा केली आणि १९ ऑगस्टला कृतीचा सगळा तपशील खुला झाला. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, त्यावर आयोडिनची वाफ, मग कॅमेरा आणि शेवटी पाऱ्याची वाफ, असा तो प्रकार होता. चित्र सुंदर येई, पण एकच येई. त्याची दुसरी प्रत काढता येत नसे. इंग्लंडात टॅलबॉटने कागदावर निगेटिव्ह बनवण्याची पद्धत काढली व १८४१ मध्ये तिचे पेटंट घेतले. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. मात्र कागदाचे तंतू चित्रात उतरत आणि रेषा फुगीर दिसे. १८५१ च्या मार्च महिन्यात फ्रेडरिक स्कॉट आर्चर या शिल्पकाराने तिसरी पद्धत छापून प्रसिद्ध केली. ती काचेवरची कोलोडियनची पद्धत. दागेरच्या पत्र्यासारखे रेखीव चित्र आणि टॅलबॉटच्या कागदासारख्या अनेक प्रती, असे दोन्ही फायदे तिच्यात होते. आर्चरने पेटंट घेतले नाही. १८५७ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या घरात फारसे काही शिल्लक नव्हते. पेटंट घेणारा आणि न घेणारा यांची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती चर्चा इथे नको.

ही कृती आता नीट पाहू, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली की गनकॉटन मिळतो. तो ईथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळवला की मधासारखा दाट द्रव तयार होतो, तो कोलोडियन. त्यात आयोडाइडचा क्षार घालायचा, काचेवर ओतायचा, काच चारी बाजूंनी हलवून सारखा थर पसरवायचा. मग अंधाऱ्या तंबूत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. थरात सिल्व्हर आयोडाइड तयार होते. काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे, धावत तंबूत यायचे आणि ओली असतानाच विकसित करायची. थर वाळला की तिची संवेदनशीलता गेलीच म्हणून समजा. या सगळ्याला फार तर दहा-पंधरा मिनिटे मिळत.

ही झाली लंडनची मिनिटे. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सियसला उकळतो. वऱ्हाडातल्या शिक्षकांना यापुढे अधिक सांगायला नको. एप्रिलमध्ये आपल्याकडे सावलीत ठेवलेली ईथरची बाटली उघडली तर काय होईल, याची कल्पना करा! काचेवर थर पसरेपर्यंत त्याच्या कडा वाळलेल्या असणार. द्रावण कोमट, पाण्यात क्षार, हवेत धूळ. लंडनच्या पुस्तकात लिहिलेली कृती इथे तशीच्या तशी चालणे शक्य नव्हते. म्हणजे इथल्या माणसांना एकत्र बसून एकमेकांना विचारणे भागच होते.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ च्या ऑक्टोबरमध्ये स्थापन झाली. लंडनची सोसायटी १८५३ च्या जानेवारीतली. फ्रान्सची आजही चालू असलेली सोसायटी १८५४ च्या नोव्हेंबरमधली, म्हणजे मुंबईनंतर महिनाभराने जन्मलेली. कलकत्ता आणि मद्रास येथील सोसायट्या १८५६ मध्ये निघाल्या. मुंबईच्या सोसायटीचे पहिले अध्यक्ष कॅप्टन हॅरी बार हे लष्करी अधिकारी होते. १८५५ पासून सोसायटीने स्वतःचे नियतकालिक काढले. तिच्या आश्रयाने १८५६ च्या अखेरीपासून हौशी छायाचित्रकारांचा एक आल्बम दर महिन्याला निघू लागला. त्याच्या अंकांत छायाचित्रे छापलेली नसत, तर खऱ्या प्रती चिकटवलेल्या असत. प्रत्येक प्रत उन्हात हाताने काढायची आणि धुऊन, वाळवून, डकवून ग्राहकाला पाठवायची. आपल्या शाळेचे हस्तलिखित मासिक काढणाऱ्या शिक्षकाला यातले कष्ट कळतील.

सभासदांत गोरे अधिकारी आणि व्यापारी बहुसंख्य होते, हे खरे. परंतु डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिच्यात होते. दोघेही मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडलेले. भाऊ दाजी तर त्या कॉलेजच्या पहिल्याच तुकडीतले. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढत आणि वर सांगितलेल्या आल्बममध्ये त्यांची चित्रे आहेत. वैद्यकीय शिक्षणामुळे रसायनांची त्यांना सवय असणार, असे मला वाटते. कारण त्या काळी छायाचित्रकार होणे म्हणजे निम्मा रसायनशास्त्रज्ञ होणेच होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. शोध लागल्यानंतर सोळा वर्षांच्या आत हा विषय मुंबईच्या वर्गात शिकवला जात होता. आपल्या अभ्यासक्रमात आज एखादा नवा विषय यायला किती वर्षे लागतात, ते वाचकांना ठाऊक आहे.

सगळेच काही गोड नव्हते. कलकत्त्याच्या सोसायटीत प्राच्यविद्येचे पंडित राजेंद्रलाल मित्र हे पदाधिकारी होते. १८५७ मध्ये टाउन हॉलच्या एका सभेत त्यांनी निळीच्या मळेवाल्यांच्या वागणुकीवर कडक टीका केली. त्या भाषणाचा छायाचित्रणाशी काडीचा संबंध नव्हता. तरीही त्यांना सोसायटीतून काढून टाकण्यात आले. मंडळात काय पाहायचे हे सभासद ठरवतात, आणि मंडळात कोणी बसायचे हे कोण ठरवते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

सोसायट्यांच्या बैठकांतून एक खरेखुरे वैज्ञानिक काम कसे झाले, याचे उदाहरण लंडनचे आहे. पहिली कागदी छायाचित्रे काही वर्षांतच पिवळी पडून पुसट होऊ लागली. सभासद तक्रारी घेऊन येत. कोणी कागदाला दोष देई, कोणी हवेला. १८५५ मध्ये तिथल्या सोसायटीने या एकाच प्रश्नासाठी समिती नेमली. निष्कर्ष असा निघाला, की बहुतेक दोष धुण्यात आहे. चित्र पक्के करण्यासाठी वापरलेला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, कागदात राहून गेला की त्यातील गंधक हळूहळू चांदीला खातो आणि चांदीचे सल्फाइड होते. उपाय काय? भरपूर पाणी. एकट्यादुकट्याच्या घरातली चार चित्रे फिकी झाली तर तो आपले नशीब म्हणेल. चाळीस जणांनी आपापली फिकी चित्रे एका टेबलावर मांडली, तेव्हा कारण सापडले.

हे शाळेत करून पाहण्यासारखे आहे. १०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम मीठ विरघळवा. जाड ड्रॉइंग पेपर त्यात बुडवून वाळवा. १० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात १ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट घ्या आणि मंद पिवळ्या दिव्याच्या उजेडात हे द्रावण ब्रशने कागदावर लावा. (हातमोजे व चश्मा हवाच. बोटांवरचा काळा डाग आठवडाभर जात नाही आणि डोळ्यात थेंब जाणे धोक्याचे आहे.) कागद अंधारात वाळवा, वर पिंपळाचे पान ठेवा, काचेने दाबा व उन्हात धरा. पाच ते पंधरा मिनिटांत पानाबाहेरचा कागद गडद तपकिरी होतो. साध्या पाण्यात धुऊन १०० मिलिलिटर पाण्यात १५ ग्रॅम हायपो घालून केलेल्या द्रावणात पाच मिनिटे ठेवा. आता कागद मधोमध कापा. एक अर्धा अर्धा तास बदलत्या पाण्यात धुवा, दुसरा नुसता बुडवून काढा. दोन्ही अर्धे वर्गाच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावा आणि पुढच्या सत्रात पाहा.

आता वाशिमकडे वळू. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतला राजा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला आणि त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदवले. अजिंठ्याच्या वैभवात वाशिमचा वाटा मोठा आहे, हे आपल्या मुलांना सहलीच्या बसमध्ये कोणी सांगत नाही.

१८४४ मध्ये मद्रासच्या सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमण्यात आले. त्याने वर्षानुवर्षे लेण्यांत बसून मोठमोठी तैलचित्रे काढली. ती लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्याच एका आगीत गेल्या. दोनदा तेच घडले!

मात्र गिलने मधल्या काळात कॅमेरा हाती घेतला होता. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने तो जोडचित्रे घेई. दोन डोळ्यांमध्ये असते तितक्याच अंतरावरून घेतलेली ही दोन चित्रे खास चष्म्यातून पाहिली की लेण्यातले खांब एकामागे एक उभे दिसतात. अजिंठा-वेरूळच नव्हे, तर आपल्या शेजारच्या लोणारच्या देवळांचीही छायाचित्रे त्याने काढली. जेम्स फर्ग्युसन यांच्यासह त्याने ती १८६४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. आगीच्या दोन वर्षे आधी. पुस्तकाच्या प्रती अनेक होत्या, निरनिराळ्या घरांत आणि ग्रंथालयांत विखुरलेल्या, म्हणून त्या आजही पाहता येतात. माणसाची वर्षानुवर्षांची साधना एका रात्रीत गेली आणि फावल्या वेळातले काम टिकले.

तरीही गिलचा कॅमेरा एक गोष्ट करू शकला नाही. ज्या भित्तिचित्रांसाठी त्याला पाठवले होते, त्यांचे रंग कॅमेऱ्यात उतरत नव्हते. रंगीत छायाचित्र नव्हते म्हणून, एवढेच कारण नव्हे. कोलोडियनच्या थराला फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश 'दिसतो'. तांबडा व पिवळा त्याच्या लेखी अंधारच. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू आणि पिवळी माती भरपूर. ते सगळे काळे येणार, आणि मौल्यवान निळा रंग पांढराफटक. त्यातच लेण्यातला अंधार. १८७३ मध्ये बर्लिनच्या फोगेल यांना असे आढळले, की थरात काही रंगद्रव्ये मिसळली तर तो हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही संवेदनशील होतो. तिथून पुढे ही अडचण हळूहळू सुटली. गुलाम याझदानी यांनी संपादित केलेले अजिंठ्याचे रंगीत खंड १९३० ते १९५५ या काळात निघाले.

छायाचित्रांनी लेणी वाचवली, तशी अक्षरेही वाचवली. १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज या तोफखान्याच्या अधिकाऱ्याला विजापूर, ऐहोळे वगैरे ठिकाणच्या इमारतींची व शिलालेखांची छायाचित्रे घेण्यास पाठवले. नंतर ते काम डॉ. पिगू यांनी पुढे नेले. बिग्जने काचेऐवजी कागदी निगेटिव्ह वापरली. ती घरी तयार करून नेता येतात आणि उन्हातही दम धरतात. त्या छायाचित्रांवरून फ्लीटसारख्या अभ्यासकांनी पुढे लेख वाचले.

फोटोग्राफिक सोसायटीचे सभासद भाऊ दाजी यांनी १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला अजिंठ्याचे लेख वाचून प्रसिद्ध केले. सोळाव्या लेण्यातला वराहदेवाचा लेख त्यांत होता. दगड झिजलेला, अक्षरे अर्धवट. त्यांच्यानंतर भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी तो पुन्हा तपासला. तरीही राजांच्या नावांपैकी एक नाव चुकीचे वाचले गेले आणि तसेच चालत राहिले. १९३९ मध्ये वाशिमला पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांच्याकडे एक ताम्रपट उजेडात आला. वत्सगुल्माहून दिलेला, विंध्यशक्ती राजाच्या ३७ व्या राज्यवर्षाचा. त्यात दात्याच्या वडिलांचे नाव स्वच्छ कोरलेले होते : सर्वसेन. वा. वि. मिराशी यांनी त्या आधारे अजिंठ्याच्या लेखाकडे पुन्हा पाहिले आणि तिथे ज्या झिजलेल्या अक्षरांत दुसरे नाव वाचले जात होते, तिथे 'सर्वसेन' आहे हे दाखवून दिले. वाकाटकांची एक वेगळी शाखा वाशिमला नांदत होती, हे तेव्हा नक्की झाले. भाऊ दाजींच्या वाचनानंतर पाऊणशे वर्षांनी. भाऊ दाजींची चूक काढण्याचा माझा हेतू नाही. ते भिंतीशी उभे राहिले म्हणून पुढच्यांना तपासायला काही मिळाले.

त्या दिवशी वाशिमला मी माझी एक वस्तू सोबत नेली होती. ती म्हणजे आमच्या दहावीच्या वर्गाचे रंगीत छायाचित्र. नव्वदच्या दशकातले. सगळी मुले आता तांबूस दिसतात. रंगीत कागदावर पिवळा, किरमिजी आणि निळसर हिरवा असे तीन रंजक थर असतात. त्यांतला निळसर हिरवा जुन्या कागदांत अंधारात ठेवला तरी आधी मरतो, मग उरते ती तांबूस छटा. माझ्या आईवडिलांच्या लग्नाचे कृष्णधवल चित्र मात्र स्वच्छ आहे. ज्याने ते धुतले त्याने पाण्यात कंजुषी केली नसावी.

सभेत मी एक प्रश्न विचारला होता. अकोला-पूर्णा मार्गावरची मीटरगेज गाडी जाऊन आता बरीच वर्षे झाली. ब्रॉडगेज २००८ च्या सुमारास आले. त्या छोट्या गाडीचे, जुन्या फलाटाचे छायाचित्र कोणाकडे आहे का? खोलीत कॅमेरे बाळगून आयुष्य काढलेली माणसे होती. एकच हात वर झाला, आणि त्या चित्रातही पाहुण्यांच्या मागे डब्याची खिडकी तेवढी दिसत होती. रोज दिसणाऱ्या गोष्टीचे चित्र कोण काढतो? मंडळाने त्यानंतर ठरवले, की प्रत्येकाने दर महिन्याला एक चित्र 'सुंदर' नसलेले आणायचे. पद्मतीर्थाची पायरी, बाजाराची पाटी, जिनिंगचे फाटक, असे काहीही, मात्र मागे तारीख व ठिकाण लिहून. स्पर्धेला पाठवण्याजोगे त्यात काही नसते, म्हणून दोघातिघांनी नाराजीही दाखवली.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेलो, या वेळी न बोलावता. निवृत्त तलाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले होते. त्यांच्या चुलत्यांचा स्टुडिओ होता, तो केव्हाच बंद झालेला. डब्यात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या निगेटिव्ह होत्या. कोरड्या काचांच्या काळातल्या, कडेने थर सुटलेल्या. स्टुडिओवाल्यांपैकी एकाने त्या बोटाच्या टोकांनी कडेला धरून एकेक खिडकीशी उभी केली. मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने मोबाइल पुढे केला, रंग उलटे करण्याची सोय लावली, आणि काळ्या-पांढऱ्याच्या जागा बदलून पडद्यावर माणसे दिसू लागली.

एका काचेवर शाळेचा वर्ग होता. मुले टोप्या घालून, मास्तर मधोमध खुर्चीत, पुढे जमिनीवर बसलेल्या मुलाच्या हातात पाटी. अक्षरे उलटी दिसत होती. तलाठ्यांनी काच फिरवून धरली तेव्हा ती सरळ झाली. 'इयत्ता ४ थी' एवढे वाचता आले. त्याखाली सालाची ओळ असावी. नेमका तिथलाच कोपरा फुटलेला होता. मुलगा म्हणाला, "डब्याच्या तळाशी तुकडा असंल, काका." आणि आम्ही सगळे टेबलावर पांढरा कागद पसरून डबा हलकेच उपडा करू लागलो.